एक्झेटरचं थेटर काहून पाडलं?

पडदेवाला (वडसा):
मंडळी, माझी भाची इंग्लंडात एक्झेटरला शिकते. काल तिनं एका इमारतीचा फोटो धाडला. साधी कचेऱ्यांची इमारत. म्हणते, "मामा, इथं थिएटर रॉयल होतं. १९६२ मध्ये पाडलं." आपलं आयुष्य झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, नाटकाचे पडदे टांगण्यात गेलं, म्हणून मले राहवत नाही. कोणाले ठाऊक आहे का जी?

गुरुजी (ब्रह्मपुरी):
पाडलं ते त्या जागेवरचं दुसरं, भाऊ. पहिलं जळालं. गावातलं जुनं थेटर १८८५ मध्ये आगीत गेलं, म्हणून हे पहिलं थिएटर रॉयल नव्या जागी बांधलं, १८८६ मध्ये उघडलं. नकाशा सी. जे. फिप्सचा, थेटरं बांधण्यात नावाजलेला माणूस, म्हणजे कोणी नवखा नाही. अन् वर्ष होत नाही तोच, ५ सप्टेंबर १८८७ च्या रात्री, खेळ चालू असताना रंगमंचावरच्या गॅसच्या दिव्यानं कापड पेटलं. १८६ माणसं गेली. बहुतेक वरच्या, स्वस्त तिकिटाच्या गॅलरीतली. तिथून उतरायला धड वाट एकच होती.

साकोलीकर:
बापरे! मंग दुसरं?

गुरुजी:
१८८९ चं. हेन्री आयर्विंग हा इंग्लंडातला मोठा नट, त्याच्या 'सुरक्षित थेटर'च्या कल्पनेवर बांधलं. ते सत्तरच्या वर वर्षं टिकलं.

साकोलीकर:
म्हणजे आगीपासून वाचलं अन् माणसानं पाडलं. आपल्याकडं बरं, पाडायले काही उरतच नाही. सकाळी शामियाना ट्रकमध्ये.

पडदेवाला:
हसू नका. परवाच्या साली शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, नाटकात आमच्या जंगलाच्या पडद्याले हॅलोजन टेकला. करपल्याचा वास आला म्हणून वर पाहिलं, तर रंगवलेल्या सागाच्या झाडात ताटलीएवढा तपकिरी डाग. पडदा खाली ओढला, समोर लावणी चालूच, कोणाले पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी कमिटीले म्हटलं, मागून एक दार ठेवा. तर म्हणतात, फुकटे घुसतात! म्हणजे आमचीही वाट एकच, तिकिटाच्या टेबलापासची.

यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाले मागची कनात मीच बांधणार. पक्की गाठ नाही, नुसती सरकगाठ. एक हिसका दिला की मोकळी. कमिटीत कोणाची ओळख असेल तर बोलू नका बाप्पा.