कामगंध सापळ्यांचा ३ वर्षांचा डेटा आहे, १,८०० भरून पेपर छापू का?

पऱ्हाटीवाला_घाटंजी
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) झूलॉजी शिकवतो, घरी पऱ्हाटीच (कापूस). २०२२ पासून ३ हंगाम गावातल्या १२ वावरांत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले आणि दर तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पतंग मोजले, सगळं वहीत आहे, पेरणीची तारीख, डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) कधी दिसल्या ते पण. एक गोष्ट तीनही वर्षं दिसली, ज्या वावराच्या धुऱ्याला लागून कुणी फरदड (हंगाम संपल्यावरही न उपटलेली पऱ्हाटी) ठेवली होती तिथं पतंग लवकर यायला लागले. पेपर लिहून एका जर्नलला पाठवला तर संपादकानं ६ दिवसांत परत केला, रिव्ह्यूला (दुसऱ्या तज्ज्ञांकडे तपासायला) पण गेला नाही. आता एक मेल आलाय, ७२ तासांत छापून देतो, १,८०० रुपये, आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टर आहे, सर्टिफिकेट पण देणार म्हणे. सोबतचे सर म्हणतात टाकून दे, जूनमध्ये इंटरव्ह्यू आहे, पेपर मोजतात. काय करू?

कीटकवाली_अकोला
सर, भरू नका. पैशाचं सोडा, एकदा तिथं छापला की तोच पेपर चांगल्या जर्नलला देता येत नाही, ३ वर्षांची पायपीट तिथंच संपली. आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा नंबर आहे, आतलं कुणी तपासलं की नाही ते त्यावरून काहीच कळत नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा) क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते, हे लोक कुठल्या तरी भलत्याच संस्थेचा आकडा छापतात. २०१३ मध्ये 'सायन्स'च्या एका पत्रकारानं मुद्दाम चुका भरलेला खोटा पेपर ३०४ ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांना पाठवला होता आणि १५७ जणांनी तो घेतला, त्यात आपल्या देशातली पण भरपूर होती.
यूजीसी केअरची (मान्य जर्नलांची) यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली त्यामुळे आता पारख आपल्यालाच करावी लागते. मी काय करते सांगते, संपादक मंडळातली दोन नावं घेते आणि त्यांच्या संस्थेच्या पानावर जाऊन बघते की ते स्वतः या जर्नलचा उल्लेख करतात का. मग आपल्या विषयाचे तिथले दोन पेपर पूर्ण वाचते. अर्ध्या तासात अंदाज येतो. आणि सबस्क्रिप्शनवर चालणारी जर्नलं लेखकाकडून सहसा काही घेत नाहीत, पेपर स्वीकारल्यावर ओपन ॲक्सेस हवं का विचारतात तिथं नको म्हणायचं. ६ दिवसांत परत आला याचं वाईट वाटून घेऊ नका हो, ६ महिने दाबून ठेवून परत येतात तेव्हा खरा जीव जातो.

वणीचा_गडी
भाऊ म्या भरले होते २०१७ मंदी, २,५०० रुपये. वर्धा नदीतल्या मासोळ्यायचा डेटा होता माहा. चार दिवसात छापला अन् पाहतो तं दोन तक्ते अदलाबदल झालेले, मेल केला तं दुरुस्तीचे वेगळे पैसे मांगे. दोन वर्षानं वेबसाइटच उघडेना. इंटरव्ह्यूत मॅडमनं इचारलं पेपर कुठी पाहाले भेटन, अन् माह्याजवळ दाखवाले काहीच नाई. ज्या डोहायत म्या जाळं टाकत होतो तिथली रेती उपसून नेली आता, तो डेटा पुन्हा कोणालेच भेटत नाई. तुमची वही सोन्याची हाये, अशी घालवू नोका.

पऱ्हाटीवाला_घाटंजी
ताई, भाऊ, मनापासून आभार. नाही भरत. पण मग पेपरमध्ये दुरुस्त काय करू? मेथडमध्ये मी एवढंच लिहिलं होतं की प्रमाणित पद्धतीनं कापसात सापळे लावले. इंग्रजी कच्चं आहे म्हणून परत आला का?

कीटकवाली_अकोला
इंग्रजी नाही सर, ते वाक्यच. मी रिव्ह्यू करते तेव्हा आधी मेथडच उघडते. एकरी किती सापळे, पिकापासून किती उंचीवर, ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) कोणता आणि किती दिवसांनी बदलला, दोन सापळ्यांत अंतर किती, मोजणी सकाळी की संध्याकाळी, हे सगळं पाहिजे, आदिलाबादच्या माणसाला तुमचा पेपर वाचून तसेच सापळे लावता आले पाहिजेत. दुसरं, आपली आर्थिक नुकसान पातळी (जिच्यावर गेलं की उपाय करावा लागतो) सापळ्यामागे एका रात्रीत ८ पतंग, असं सलग ३ रात्री, अशी आहे. तुम्ही मोजता तिसऱ्या दिवशी, म्हणजे तुमच्याकडे ३ रात्रींची बेरीज आहे, रोजचा आकडा नाही. २४ पतंग निघाले म्हणून पातळी ओलांडली असं लिहू नका, सरासरी आहे असं स्पष्ट लिहा. आणि एकाच सापळ्याच्या ४० मोजण्या म्हणजे ४० वेगळे नमुने होत नाहीत, इथं बरेच जण घसरतात. तुमचे नमुने म्हणजे वावरं, १२. फरदडीला लागून त्यातली किती ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. आर नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण आकडेमोडीला एखादा संख्याशास्त्रवाला सोबत घ्या, त्यानं मनापासून काम केलं तर लेखकांत नाव द्या. लिहिताना आधी तक्ते आणि आलेख करा, मग मेथड, निकाल, चर्चा, सारांश सगळ्यात शेवटी.

पऱ्हाटीवाला_घाटंजी
फरदडीला लागून ५ वावरं आहेत. ल्यूर मी २१ दिवसांनी बदलायचो पण २०२३ च्या ऑक्टोबरात कृषी केंद्रात मिळालाच नाही, तोच ३४ दिवस ठेवावा लागला, तेव्हा पतंग कमी आले. हे लिहिलं तर पेपर पडेल का?

कीटकवाली_अकोला
लिहा. तारखांसकट लिहा, आणि ते दिवस आलेखात वेगळ्या रंगानं दाखवा. ते वगळून निकाल तोच राहतो का हे पण तपासून सांगा, रिव्ह्यूअर पहिला प्रश्न तोच विचारेल. आणि पावसाळ्याआधी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.