‘टेम्पो, ७० टक्के’ म्हणजे नक्की काय? मैदानावरच्या शब्दांचे अर्थ पक्के करायला हवेत का?

लेन_चार
धावपटूंच्या सरावाच्या वहीत ‘टेम्पो, ७० टक्के’ ही ओळ हमखास सापडते. एवढ्याशा ओळीत दोन घोळ आहेत.

लांब पल्ल्याच्या प्रशिक्षकासाठी टेम्पो म्हणजे २० ते ४० मिनिटं सलग, नेटाची धाव. स्प्रिंटवाल्यांचा टेम्पो म्हणजे १०० ते २०० मीटरच्या सैल धावा, मध्ये चालत विश्रांती. आदल्या दिवशीच्या जोरकस सरावानंतर अंग मोकळं करणं हा त्यांचा हेतू.

आता ७० टक्के. वेगाचे, वेळेचे की नाडीच्या ठोक्यांचे? मुलाची १०० मीटरची वेळ १२.० सेकंद धरा. ७० टक्के वेग हवा तर १२ भागिले ०.७, म्हणजे १७.१ सेकंद. पण बरेच जण वेळेतच ३० टक्के मिळवतात आणि १५.६ काढतात. ही धाव जवळपास ७७ टक्के वेगाची झाली. अशा दहा मारल्या की मोकळं होणं राहिलं बाजूला, दुसऱ्या दिवशी धाव सुरू करायच्या ब्लॉकवर पाय जड. मग ‘कष्ट कमी पडतायत’ म्हणून आणखी धावा, आणि मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग जातात त्या इथेच.

प्रत्येक मैदानावर पानभर शब्दसूची असावी आणि वहीत शब्दापुढे आकडा असावा, असं माझं ठाम मत आहे.

काळी_माती
असहमत. तुमचं सगळं गणित १२.० वर उभं आहे, आणि ते १२.० हातातल्या स्टॉपवॉचचं आहे. शर्यत सोडणाऱ्या पिस्तुलाचा धूर बघून बटण दाबायचं, तर निम्मे लोक आवाजावर दाबतात. हाताची १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडताना ०.२४ सेकंद मिळवायची रीत आहे ती उगाच नाही. त्यात पावसाळ्यातलं मैदान. मग दशांश कसले लिहिता?

तेरा वर्षांच्या पोराचे खांदे कानाकडे सरकले, मुठी आवळल्या, टाच आधी टेकायला लागली की त्याची सैल धाव संपली. हे डोळ्यांना दिसतं. शब्दसूची हातात आली की प्रशिक्षक कागदाकडे बघतो, पोराकडे नाही.

लेन_चार
०.२४ मिळवून बघा. १२.२४ भागिले ०.७ म्हणजे १७.५. १७.१ ला धावला तरी वेग ७२ टक्क्यांच्या आतच राहतो, सराव बिघडत नाही. घड्याळाच्या चुकीने फरक पडला ०.४ सेकंदाचा, शब्दाच्या चुकीने दीड सेकंदाचा.

पट्टी_आणि_बर्फ
दुखापतीच्या बाजूने लिहिते. मुलं ‘नस चढली’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. गोळा आला असेल तर हळूहळू ताण देऊन तो सुटतो. स्नायू ओढला गेला असेल तर पहिल्या काही दिवसांत तोच ताण आणि जोराचं मालिश फाटलेले तंतू आणखी उसवतं. कंबरेतून मांडीत उतरणारी कळ हे तिसरंच प्रकरण. म्हणून शब्दावर जाऊ नका. तीन गोष्टी विचारा: धावताना एकदम टोचलं की हळूहळू आवळत गेलं? बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येते का? दुखणं खाली सरकतं का? उत्तरं मुलाच्या शब्दांत वहीत लिहा. पुढचा माणूस तेच वाचून उपचार करणार असतो.

खुंट_ते_खुंट
अर्थ पक्के करा, पण इंग्रजी शब्द मुलांच्या डोक्यावर नकोत. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. आजही खुंट, पाटी, तुकडी म्हटलं की कुठल्याही गावच्या पोराला तेच आणि तेवढंच कळतं.

आमच्याकडे घात केलाय तो ‘स्टॅमिना’ने. धावक दुसऱ्या मिनिटाला सापडला की ‘स्टॅमिना कमी’, आणि शिक्षा पाच किलोमीटर. त्याचा दम शाबूत असतो. कमी पडतं ते थांबून, वळून पुन्हा झेप घेण्याचं बळ. त्याला १० ते १५ मीटरच्या, दिशा बदलणाऱ्या धावा हव्यात, प्रत्येक धावेनंतर २० सेकंद विश्रांती, सहा धावांचा एक संच, दोन संचांत तीन मिनिटं. पाच किलोमीटरने यातलं काहीच सुधारत नाही.

काळी_माती
दुखापतीचा आणि ‘स्टॅमिना’चा मुद्दा मान्य. टक्केवारी मात्र १४ वर्षांखालच्यांना नकोच. ‘गप्पा मारत धावता येईल एवढं’ हे त्यांना पुरतं. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने ‘१० पैकी किती दमलास’ विचारायचं आणि मिनिटांनी गुणायचं. ४० मिनिटं गुणिले ३ म्हणजे त्या दिवशीच्या सरावाचा भार १२०.

लेन_चार
पण १० म्हणजे काय, हे मुलाला आधी सांगावं लागेल. नाहीतर एकाचं १० म्हणजे ओकारी आणि दुसऱ्याचं १० म्हणजे कंटाळा. शाळेतल्या सरांकडून मुलगा क्लबात जातो, तिथून क्रीडा प्रबोधिनीत. तुमचे डोळे त्याच्याबरोबर जात नाहीत, वही जाते. ‘टेम्पो’ खोडा आणि लिहा: ‘सैल धावा, १०० मीटर, १० वेळा, १७ ते १८ सेकंद, मध्ये १०० मीटर चाल, बोलता आलं पाहिजे.’

काळी_माती
‘सैल धावा’ आणि ‘बोलता आलं पाहिजे’ उद्यापासून लिहितो. सेकंद वहीच्या मागच्या पानावर, पुढच्या प्रशिक्षकासाठी. पोराला ते दाखवणार नाही. आकडा दिसला की तो मोडायला धावतो, आणि सैल सराव तिथेच संपतो.