वय झालेल्या पैलवानांची विसरलेली पुनरागमनं : तालमीत दाखवायला कुठल्या कुस्त्या घ्याव्यात?

मंगळवार_पेठ यांचा प्रश्न

तालमीत एका शनिवारी संध्याकाळी दोन तासांचा कार्यक्रम ठरतोय. पोरांची मेहनत झाली की पडदा लावायचा आणि परदेशातल्या व्यावसायिक कुस्तीतली, म्हणजे आपली जुनी माणसं जिला 'फ्रीस्टाईल' म्हणतात तिच्यातली, पुनरागमनं दाखवायची. शॉन मायकेल्स २००२ ला परत आला, एज २०२० ला आला, हे पोरांना तोंडपाठ आहे. ते नको. पंचेचाळिशी-पन्नाशीला आलेले, मधली वर्षं बाजूला पडलेले आणि परत येऊन काही कमावून गेलेले, पण आज कुणाच्या तोंडी नसलेले मल्ल हवेत.

अडचण अशी की समोर जुनी जाणती मंडळी बसणार. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "ही सगळी नुरा (निकाल आधीच ठरलेली) कुस्ती, यात बघायचं काय?" म्हणून नुसती नावं नकोत. वय, साल, किती मिनिटं आणि त्या माणसानं नेमकं काय बदललं म्हणून जमलं, हे सांगा. हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीत, करून दाखवता येईल असं काही असेल तर तेही लिहा.

खडाखडी

नुरा म्हणणाऱ्यांसाठीच पहिली कुस्ती घ्या. स्टॅनिस्लॉस झिबिस्को विरुद्ध वेन मन, १५ एप्रिल १९२५, फिलाडेल्फिया.

आपल्याकडे झिबिस्को म्हणजे गामाकडून हरलेला पोलंडचा पैलवान, एवढीच ओळख. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामानं त्याला खाली घेतला आणि तो पोटावर पडून अडीच तासांहून जास्त वेळ तसाच चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सोडवली. १७ तारखेला परत जोड ठरली, तेव्हा तो आलाच नाही. मग १९२८ ला पतियाळात गामानं त्याला मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. ही दोन टोकं सगळ्यांना माहीत आहेत. मधली १८ वर्षं कुणी सांगत नाही, आणि खरी गोष्ट तिथंच आहे.

६ मे १९२१ ला न्यूयॉर्कमध्ये त्यानं एड 'स्ट्रँगलर' लुईसला हरवून जागतिक किताब घेतला. वय ४२. पुढच्या मार्चमध्ये तो लुईसनं परत नेला. तेव्हाच सगळ्यांनी धरलं, की म्हातारा संपला. जानेवारी १९२५ ला लुईसच्या गटानं किताब वेन मनकडे सोपवला. मन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू, साडेसहा फूट उंच, दिसायला डोंगर. पण कुस्ती अंगात नव्हती. त्याला मोठं करायचं तर कुणीतरी नावाचा जुना मल्ल त्याच्यासमोर पडायला हवा, म्हणून ४६ वर्षांच्या झिबिस्कोला उभा केला. हरायचं ठरलेलं होतं. झिबिस्कोनं विरोधी गटाशी आतून जुळवलं आणि हौद्यात उतरल्यावर खरी कुस्ती केली. मनला तो पुन्हा पुन्हा चित करत राहिला, शेवटी पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ३० मे ला सेंट लुईसमध्ये तो किताब त्यानं जो स्टेकरकडे घालवला. म्हणजे राज्य दीड महिन्याचं. पण नुरा कुस्ती भर मैदानात फुटली ती या म्हाताऱ्यामुळं, हे तुमच्या जाणत्यांना ऐकवा.

४६ व्या वर्षी हे का जमलं? वय झालं की पैलवानाचा दम आधी जातो, मग पाय जातात, पकड सगळ्यात शेवटी जाते. झिबिस्को बुटका, रुंद, जड. उभ्या खडाखडीत तो तरण्या गड्याला पुरला नसता. जमिनीवर मात्र वजन कुठं ठेवायचं ते त्याला ठाऊक होतं, आणि मनला खाली आल्यावर कोपर कुठं, कंबर कुठं याचा पत्ता नव्हता.

हे हौद्यात दाखवा. एक उंच, नवा पोरगा पालथा घ्या आणि चाळिशीचा कुणीतरी ताब्यात वर बसवा. छाती त्याच्या पाठीला घट्ट, वजन खांद्यांवर न देता कमरेच्या वरच्या भागावर. मग एका बाजूनं काखेतून हात घालून हप्ता भरायचा, पंजा मानेच्या मणक्यांवर न ठेवता डोक्याच्या मागच्या हाडावर. सरळ खाली दाबायचं नाही. डोकं बाजूला वळवत, स्वतः त्याच दिशेनं पायानं चालत जायचं; खांदा आपोआप उलटतो. दोन चुका हमखास होतात. वजन फार पुढं गेलं की खालचा गडी कंबर उचलून वरच्याला डोक्यावरून टाकतो. आणि मान सरळ दाबली तर तो चित होत नाही, नुसती मान दुखावते. तीन मिनिटांत वरचा शांत असतो आणि खालचा धापा टाकतो. तेवढंच दिसलं पाहिजे.

एकलंगी

वरच्याला पूर्ण अनुमोदन. दुसरा अमेरिकन मल्ल लू थेझ घ्या, थोडक्यात. नोव्हेंबर १९५७ ला टोरांटोत डिक हटनकडून किताब गेला. २४ जानेवारी १९६३ ला त्याच टोरांटोत त्यानं बडी रॉजर्सला हरवून तो परत घेतला, वय ४६. हे किताब मिरवून आठवड्यात सोडणं नव्हतं. ७ जानेवारी १९६६ ला जीन किनिस्कीकडून हरेपर्यंत तीन वर्षं त्यानं तो सांभाळला. ईशान्य अमेरिकेतल्या संयोजकांनी हा निकाल मानला नाही आणि वेगळी चूल मांडली. पोरं टीव्हीवर बघतात त्या डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीचं मूळ तिथं आहे. पोरांना हे सांगितलं की कान टवकारतील.

आपल्या माणसांना जवळचा धागा म्हणजे याच थेझला १९६८ ला मुंबईत दारासिंगनं हरवलं. आणि शेवटची कुस्ती तो २६ डिसेंबर १९९० ला जपानमध्ये मासाहिरो चोनोशी लढला, ७४ व्या वर्षी. पाचेक मिनिटांची. हरला तो चोनोच्या पायपकडीत, आणि ती पकड चोनोला शिकवली होती थेझनंच. वस्ताद-चेल्याची याहून सरळ गोष्ट मला माहीत नाही.

लाल_माती

तुम्हाला पडद्यावर दाखवायला सगळ्यात चांगला बॉब बॅकलंड. सर्व्हायव्हर सिरीज हा त्याच कंपनीचा मोठा कार्यक्रम, २३ नोव्हेंबर १९९४, सॅन अँटोनियो, ब्रेट हार्टविरुद्ध. वय ४५.

आधी मागचं सांगावं लागेल, नाहीतर टॉवेलाचा अर्थ लागत नाही. बॅकलंड फेब्रुवारी १९७८ ते डिसेंबर १९८३ त्या कंपनीच्या मुख्य किताबाचा विजेता होता, मधे थोडे वाद सोडले तर जवळपास सहा वर्षं. २६ डिसेंबर १९८३ ला आयर्न शेखनं त्याला पाठीवर बसून हनुवटीत पकडला. बॅकलंडनं स्वतः हार मानली नाही. त्याच्या व्यवस्थापकानं टॉवेल फेकला आणि किताब गेला. नंतर तो बाजूला पडला. १९९२ ला परत आला तो तसाच गोड, हसरा, जुन्या काळातला. लोकांना कंटाळा यायचा. अंग मात्र तयार होतं: जानेवारी १९९३ च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे एकामागून एक गडी रिंगमध्ये उतरतात त्या कुस्तीत, दुसऱ्या क्रमांकानं उतरून तो ६१ मिनिटं टिकला, त्या वेळचा विक्रम. तरी कुणाला फरक पडला नाही.

१९९४ च्या उन्हाळ्यात त्यानं बदल केला तो अंगात नाही, वागण्यात. गळ्याला बो टाय, पँटला खांद्यावरून जाणारे पट्टे, जड जड शब्द, आणि हरल्यावर डोकं फिरून समोरच्याला पकडीत घेऊन न सोडणं. डावांचा पसारा कमी करून एकच पकड ठेवली. नोव्हेंबरच्या कुस्तीचा नियमच असा होता, की ज्याच्या बाजूचा माणूस टॉवेल टाकेल तो हरला. ब्रेटच्या बाजूचा ब्रिटिश बुलडॉग लोखंडी पायऱ्यांवर आदळून पडला. ब्रेट आठ मिनिटांहून जास्त पकडीत. शेवटी बॅकलंडच्या बाजूला असलेल्या ब्रेटच्याच भावानं, ओवेन हार्टनं, स्वतःच्या आईला रडून-विनवून ब्रेटसाठी टॉवेल टाकायला लावला. ११ वर्षांपूर्वी टॉवेलानं गेलेलं टॉवेलानंच परत आलं. तीन दिवसांत, २६ नोव्हेंबरला, डीझल नावाच्या मल्लानं त्याला ८ सेकंदांत हरवलं, म्हणून हे पुनरागमन विसरलं गेलं.

पोरांचं लक्ष बॅकलंडच्या हातांकडे वेधा. गड्याच्या मागं उभं राहून त्याचा डावा हात कोपरात वाकवून पाठीमागं घ्यायचा. आपला डावा हात त्याच्या कोपराच्या वाकातून घालून तो वर धरायचा. आपला उजवा हात त्याच्या उजव्या खांद्यावरून पुढं, मनगटाची हाडाची कड गालफडावर. दोन्ही पंजे त्याच्या डाव्या खांद्याजवळ जुळवायचे, मग मागं पडून पायांची कैची कमरेला. पंजे जुळले नाहीत तर पकडीत काही नाही, गडी हिसका देऊन सुटतो. मनगट गालफडावरून गळ्यावर सरकलं तर श्वास कोंडतो. ते तालमीत चालणार नाही. खांदा आधी दुखावलेला असेल त्याच्यावर करूच नका, आणि हार मानल्याची हाताची थाप पडली की त्या क्षणी सोडायचं.

फिजिओ_राजारामपुरी

विसरलेल्यात ब्रेट हार्टचंच नाव घालायला हवं. डिसेंबर १९९९ ला डोक्याला लाथ बसून मेंदूला इजा, २००० ला निवृत्ती, २००२ ला पक्षाघात. जानेवारी २०१० ला तो परत दिसला, हे आठवतं लोकांना. पण १७ मे २०१० ला टोरांटोत ५२ व्या वर्षी त्यानं मिझ नावाच्या मल्लाकडून युनायटेड स्टेट्स किताब घेतला, हे कुणी सांगत नाही. कुस्तीची रचना बघा. बाकीचे गडी आत-बाहेर करत राहतात, धावपळ आणि पडणं त्यांच्या वाट्याला. ब्रेट मोजकं करतो आणि शेवटी पायांच्या पकडीवर जिंकतो. पाठीवर आपटणं त्याला परवडणारं नव्हतं, ते जवळजवळ काढूनच टाकलंय.

म्हणून तिथं पोरांना एक काम द्या: पाठीवर किती वेळा पडतो ते मोजा. रिंग म्हणजे गादी नव्हे. लोखंडी तुळया, त्यावर फळ्या, वर पातळ फोम आणि ताणलेलं कापड. पडताना हनुवटी छातीला, पाठीचा वरचा सपाट भाग आधी, दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांत तळव्यांसकट आपटायचे आणि श्वास सोडायचा. हात मागं टेकवला की मनगट किंवा कोपर जातं. हनुवटी सुटली की डोकं आपटतं. माकडहाड आधी टेकलं तर हिसका वर कमरेपर्यंत बसतो. हे दाखवायचं असेल तर हौदा त्याच दिवशी उकरून, ढेकळं फोडून घ्या. दाबून बसलेल्या मातीत नको.

टेरी फंक कुणीतरी सुचवेल, एप्रिल १९९७, ५२ व्या वर्षी किताब. माझं मत, तो या कार्यक्रमात घेऊ नका. तो उंचावरून उड्या मारत जिंकला. पोरं तेच उचलतील.

मंगळवार_पेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. झिबिस्को आणि बॅकलंड नक्की. ब्रेटची मोजणीही घेतो. लाल_माती दादा, बॅकलंडच्या दमाबद्दल आणखी सांगाल का? ६१ मिनिटं ४३ व्या वर्षी, हे जोर-बैठकांवर होतं का?

लाल_माती

बॅकलंड हार्वर्ड स्टेप टेस्टसाठी ओळखला जायचा, म्हणजे बाकावर चढ-उतार. तालमीत करता येईल. बाक २० इंच उंच, टेपनं मोजून घ्या, हलता कामा नये. मिनिटाला ३० वेळा वर-खाली, सलग ५ मिनिटं, म्हणजे १५० वेळा. वर गेल्यावर गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. मोबाईलवर १२० चा ठेका लावा. दर चार ठोक्यांना एक चढ-उतार. लय सुटली की थांबवायचं आणि किती सेकंद झाले ते लिहायचं.

मग बसवायचं. थांबल्यापासून १ मिनिटानं, २ मिनिटांनी आणि ३ मिनिटांनी, दर वेळी ३० सेकंद नाडी मोजायची. झालेले सेकंद गुणिले १००, भागिले तिन्ही मोजण्यांच्या बेरजेची दुप्पट. समजा ३०० सेकंद पूर्ण केले आणि नाडी ८०, ६५, ५५ आली. बेरीज २००, म्हणून ३०,००० भागिले ४००, ७५ गुण. ९० च्या वर उत्तम, ८० ते ८९ चांगलं, ६५ ते ७९ मध्यमाच्या वर, ५५ च्या खाली म्हणजे दम कच्चा. बैठकांत पक्के असलेले काही जण इथं ६० वर अडकतात. मांडी दमत नाही, नाडी लवकर खाली येत नाही. त्यांना बैठकांचा आकडा वाढवून उपयोग नाही, मोकळ्या लढती वाढवा.

फिजिओ_राजारामपुरी

एक भर. चाळिशीच्या वरच्यांना, रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांना कार्यक्रमाच्या भरात या बाकावर चढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. उतरताना ज्या पायावर भार येतो तोच गुडघा बोलतो, म्हणून दर मिनिटाला पुढचा पाय बदलायला सांगा. आणि मेहनत संपल्या संपल्या घेऊ नका, नाडी आधीच चढलेली असते, आकडे खोटे येतात. १५ मिनिटं बसवून मग.

खडाखडी

क्रम असा लावा: झिबिस्को बोलून आणि हौद्यात, २५ मिनिटं. थेझ १० मिनिटं. बॅकलंडची पूर्ण कुस्ती, मग पकड करून, ५० मिनिटं. ब्रेट आणि मोजणी १५. उरलेल्यात बाक. पडदा हौद्यापासून लांब लावा, माती उडते.