कल्की जगाचा शेवट करतो, असे कोणी सांगितले?

धागाकर्ता (महाल, नागपूर) : आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर महिनाभर ‘कलियुग संपत आले, कल्की अवतरला’ असे संदेश फिरत आहेत आणि घरातली मुले ते वाचून खरोखरच धास्तावली आहेत. प्रत्येक पूजेच्या संकल्पात आपण ‘कलियुगे प्रथमचरणे’ म्हणतो, ते मग कशासाठी? परंपरेनुसार कलियुग ४,३२,००० वर्षांचे असून ते इ.स.पू. ३१०२ मध्ये सुरू झाले; म्हणजे जेमतेम ५,१०० वर्षे सरली आहेत. शिवाय भागवताच्या बाराव्या स्कंधातला कल्की शंभल गावी विष्णुयशाच्या घरी जन्मतो, राजवेशात वावरणाऱ्या दस्यूंचा संहार करतो आणि त्यानंतर कृतयुग, म्हणजेच सत्ययुग, सुरू होते. जग तिथे संपत नाही. सृष्टीचा लय करणारा नैमित्तिक प्रलय येतो तो ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे ४३२ कोटी वर्षे, सरल्यावर.

प्रतिसाद (इंदोरा) : आपली कालगणना मान्य आहे, पण हा तारणहार कोणाचा, हे आपण विचारलेच नाही. कल्कीची ही कथा भागवताच्या ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात वर्ण शूद्रप्राय होणे आणि गाई शेळ्यांसारख्या होणे ही कलीची लक्षणे म्हणून एकाच ओळीत दिली आहेत. ज्यांच्या वर येण्यालाच अधःपतन म्हटले गेले, त्यांनी कल्कीची वाट का पाहावी? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथेच बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे नाकारलेले आहे. माझ्या आजीने त्या प्रतिज्ञा घेतल्या होत्या आणि त्यानंतर तिने कोणत्याही अवताराची वाट पाहिली नाही. तिने मुलींना शाळेत घातले.

प्रतिसाद (रामटेक) : तरीही संकटात कोणीतरी धावून येईल ही आस जुनी आहे. आमच्या टेकडीवरच्या वाकाटककालीन वराहापुढे उभे राहिले की, बुडालेली पृथ्वी वर काढणाऱ्याची ती कथा मला आजही धीर देते, आणि त्यासाठी कोणाला खाली लेखावे लागत नाही.

धागाकर्ता : इंदोऱ्याच्या आक्षेपाला पुराणातच उत्तर आहे, असे मला वाटते. विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात गंगेत स्नान करणारे व्यास ‘कली साधू, शूद्र साधू’ (साधू म्हणजे येथे चांगला, धन्य) असे उद्गार काढतात, कारण कृतयुगात दहा वर्षांनी मिळणारे फळ कलीत एका अहोरात्रात मिळते.

प्रतिसाद (इंदोरा) : कृपया पुढचे श्लोकही वाचावेत. शूद्र साधू का, तर द्विजांची, म्हणजे वरच्या तीन वर्णांची, सेवा करून त्याला सद्गती मिळते म्हणून.

धागाकर्ता : खरे आहे. मी अर्धाच संदर्भ दिला होता.