एकाच नावाच्या दोन माणसांना काय म्हणावं? नामसाधर्म्य, नामबंधू, सनाम आणि इतर

एका पुस्तकाची सूची करते आहे. 'जोशी, शरद' या नोंदीपुढे सहा पानांचे आकडे जमले होते. पानं उघडून पाहिली, तर चार ठिकाणी शेतकरी संघटनेचे शरद जोशी (१९३५–२०१५) आणि दोन ठिकाणी हिंदीतले व्यंग्यलेखक शरद जोशी (१९३१–१९९१). एका स्वल्पविरामाच्या आड दोन आयुष्यं एकमेकांत मिसळली होती, आणि ती तशीच छापली गेली असती.

नोंदी वेगळ्या करायला बसले, तेव्हा अडचण कळली. पहिल्यांना 'नेते' आणि दुसऱ्यांना 'लेखक' म्हणावं, तर शेतकरी नेत्यांनीही भरपूर लिहिलं आहे. व्यंग्यलेखक नुसते घरी बसून लिहिणारे नव्हते, कविसंमेलनाच्या मंचावरून गद्य वाचून श्रोत्यांना धरून ठेवणारे होते. म्हणजे क्षेत्र सांगूनही घोळ पुरता सुटत नाही.

टीप लिहिताना दुसरी अडचण. 'नामसाधर्म्य' हा शब्द आपल्याकडे चांगला रुळला आहे, 'नामसाधर्म्यामुळे गोंधळ' असं आपण रोज वाचतो. पण तो स्थितीचा शब्द आहे, माणसाचा नाही. 'हे शरद जोशी त्या शरद जोशींचे ___' या रिकाम्या जागेत काय भरायचं? इंग्रजीतला 'नेमसेक' नको आहे, कारण तो दोन वेगळ्या गोष्टींना लागतो: योगायोगाने नाव सारखं असणारा आणि कुणाच्या नावावरून नाव ठेवलेला. मला या दोघांसाठी वेगळे शब्द हवेत. कुणी सुचवाल का?

* * *

रिकामी जागा 'नामबंधू'ने भरा. 'आडनावबंधू' आपण सहज म्हणतो, कुणाला तो कोशात शोधावा लागत नाही. त्याच साच्यात 'नामबंधू' बसतो. गुरुबंधू, वर्गबंधू, धर्मबंधू ही सगळी भावंडं रक्ताची नाहीत, काहीतरी एक सामायिक असल्यामुळे जोडलेली आहेत. इथे नाव सामायिक आहे. स्त्रियांसाठी 'नामभगिनी', जशी गुरुभगिनी. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर (१९३२–२०११) आणि इंग्रज कादंबरीकार एलिझाबेथ टेलर (१९१२–१९७५) या नामभगिनी. अभिनेत्रीच्या चाहत्यांची पत्रं लेखिकेच्या पत्त्यावर येत असत. इतक्या ताकदीची लेखिका, आणि आजही तिचं नाव घेतल्यावर 'नटी नव्हे' हे आधी सांगावं लागतं. मला त्याचं वाईट वाटतं.

* * *

'हमनाम' का नको? नेमका आहे आणि स्त्री-पुरुष दोघांना चालतो.

* * *

'हमनाम' मराठी वाक्यात उर्दूची लय घेऊन येतो. 'ते माझे हमनाम' म्हटलं की पुढचं वाक्यही तसंच वळावं असं वाटतं. पण त्याच्या जोडीचा शब्द आपल्याकडे आहे. फारसीतला 'हम' आणि संस्कृतातला 'सम' एकाच मुळाचे, आणि संस्कृतात 'सनामन्' म्हणजे तेच नाव असलेला. सगोत्र, सजातीय, सधर्म यांतला 'स' इथेही 'समान' याच अर्थाचा आहे. ('साधर्म्य' हा शब्दही 'सधर्म'वरून आला. म्हणून नामसाधर्म्य म्हणजे नुसतं नावात साम्य नव्हे, नाव हा गुणधर्मच दोघांचा एक असणं.) मराठीत 'सनाम' लिहायला हरकत नाही. विशेषण म्हणून 'सनाम व्यक्ती', 'सनाम लेखक' असं लिहून पाहा. नामबंधू बोलण्यात, सनाम टिपेत.

एक खबरदारी. याच अर्थी 'नामधारी' वापरू नका. 'शरद जोशी नामधारी दोन व्यक्ती' असं समासासारखं चालेल, पण सुटा 'नामधारी' आला की वाचक 'नामधारी अध्यक्ष' हाच अर्थ घेणार: नावापुरता, अधिकार नसलेला. आणि 'तोतया' तर फारच लांबचा. सदाशिवरावभाऊंचा तोतया भाऊंचा नामबंधू नव्हता. तो 'मीच भाऊ' म्हणत होता, आणि त्यासाठीच १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. नामबंधू कधीच 'मी तो' म्हणत नाही. उलट 'मी तो नव्हे' हे सांगण्यात त्याचा जन्म जातो.

* * *

'मी तो नव्हे' यावरून दोन चर्चिल आठवले. हे उदाहरण मला फार प्रिय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१८९९ मध्ये विन्स्टन चर्चिल हे नाव उच्चारलं तर पुस्तकं वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकन कादंबरीकार (१८७१–१९४७) येत असे. त्याची कादंबरी त्या वर्षी प्रचंड खपली. इंग्लंडमधला त्याच नावाचा पंचविशीच्या आतला तरुण (१८७४–१९६५) तेव्हा लष्करातून बाहेर पडून लेखणीवर जगू पाहत होता. आपल्याला येणारी अभिनंदनं दुसऱ्याच कुणाच्या लेखनाची आहेत हे लक्षात आल्यावर त्याने अमेरिकेला पत्र लिहिलं. मायना असा की श्री. विन्स्टन चर्चिल श्री. विन्स्टन चर्चिल यांना आदरपूर्वक कळवतात, विषय दोघांशी संबंधित आहे. पुढे त्याने आपण होऊन तोडगा काढला: यापुढे मी माझ्या लेखनावर 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करीन. अमेरिकन चर्चिलने तितक्याच सौजन्याने उत्तर दिलं की मला मधलं नाव असतं तर मीही ते आनंदाने लावलं असतं. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये दोघांची भेटही झाली.

यातली खरी मौज क्षेत्रांची आहे. अमेरिकन चर्चिल राजकारणातही उतरला, न्यू हॅम्पशरच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, पण जमलं नाही. इंग्रज चर्चिल पंतप्रधान झाला आणि १९५३ चं साहित्याचं नोबेलही त्यालाच मिळालं. आज खुलासा कुणाच्या नावापुढे करावा लागतो? ज्याला १८९९ मध्ये ओळख करून द्यावी लागत नव्हती, त्याच्या. म्हणून सूचीकाराला माझी कळकळीची विनंती: कंसातला खुलासा दोघांच्याही नावापुढे द्या. एकाचं नाव उघडं आणि दुसऱ्याचं कंसात असं केलंत, तर खरा कोण आणि दुसरा कोण हे तुम्हीच ठरवून टाकलंत.

* * *

हे मान्य. गायक मायकेल जॅक्सन (१९५८–२००९) यांच्यासमोर बिअर आणि व्हिस्कीवर आयुष्यभर अभ्यासपूर्वक लिहिणारे ब्रिटिश लेखक मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) यांचा उल्लेख नेहमी 'दुसरे' असाच होतो. खरं तर ते वयाने सोळा वर्षांनी मोठे. कोसोव्होत १९९९ मध्ये नाटोच्या फौजेचं नेतृत्व करणारे ब्रिटिश जनरल माइक जॅक्सन हे तिसरे. आपण 'थोरले' आणि 'धाकटे' म्हणतो ते बरं. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव यांच्यात कुणी 'दुसरा' ठरत नाही, दोघांनाही स्वतःचं विशेषण आहे.

मधल्या नावाबद्दलही थोडं. आपल्याकडे मधलं नाव बहुधा वडिलांचं असतं, म्हणून वेगळेपण आपोआप येतं. जुन्या कागदपत्रांत 'अमुक बिन तमुक' किंवा 'वल्लद तमुक' याचसाठी लिहीत. हॉलिवूडच्या नटसंघात एकाच नावाचे दोन सदस्य चालत नाहीत. तिथे मायकेल फॉक्स आधीच होता, म्हणून नव्या मायकेलने मधे 'जे' घालून 'मायकेल जे. फॉक्स' असं नाव लावलं, आणि त्याचं खरं मधलं नाव अँड्र्यू आहे! मायकेल कीटनचं जन्मनाव मायकेल डग्लस. ते नाव आधीच गाजत होतं, तेव्हा त्याने आडनावच बदललं. संगीतात डेव्हिड जोन्सने 'बोवी' हे आडनाव घेतलं, ते पुढे 'मंकीज' या बँडमध्ये गाजलेल्या डेव्ही जोन्सशी घोळ नको म्हणून.

* * *

नटांचं निघालंच आहे, तर एक उच्चाराचा प्रश्न. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) आणि अभिनेते आमिर खान यांना नामबंधू म्हणायचं का? रोमन लिपीत दोघे जवळजवळ सारखेच दिसतात.

* * *

नाही म्हणायचं. रोमन लिपी जे झाकते ते देवनागरी दाखवते, आणि उर्दू तर अक्षरच बदलते. 'अमीर' म्हणजे हुकूम चालवणारा, सरदार. 'अमीर-उमराव' या जोडीतला 'उमराव' हे त्याचंच अनेकवचन. 'आमिर' वेगळ्या धातूचा, वसवणारा, भरभराट करणारा. आपली 'इमारत' त्याच धातूपासून आली. म्हणजे ही दोन वेगळी नावं आहेत. अशा जोडीला 'नामसाधर्म्य' म्हणणं चूक, फार तर 'ध्वनिसाम्य' म्हणा. साधर्म्य आणि साम्य हे शब्द आपण एकाच्या जागी दुसरा वापरतो, पण सूचीसारख्या कामात हा फरक पाळायला हवा.

नाव बदलल्याने होणारी गाठभेटही असते. यूसुफ खान 'दिलीप कुमार' झाले. ए. एस. दिलीप कुमार या नावाने जन्मलेले संगीतकार ते नाव सोडून ए. आर. रहमान झाले. एकाच दारातून एक आत आला, एक बाहेर गेला. यांना काय म्हणावं, मला अजून सुचलेलं नाही.

* * *

आधुनिक उदाहरणांत माणसं दोन आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. जुन्या वाङ्मयात तेच ठाऊक नसतं, आणि 'नामबंधू' हा शब्द तिथे घाईचा ठरतो.

पतंजलींचा श्लोक पाहा: 'योगेन चित्तस्य पदेन वाचां मलं शरीरस्य च वैद्यकेन'. योगाने चित्ताचा, व्याकरणाने वाणीचा आणि वैद्यकाने शरीराचा मळ ज्याने घालवला त्या मुनीला नमस्कार. परंपरेने तिन्ही क्षेत्रांतलं काम एकाच पतंजलीच्या पदरात घातलं. व्याकरणावरचं महाभाष्य लिहिणारा आणि योगसूत्रकार वेगळे असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. उलट कालिदासाबाबत राजशेखराच्या नावावरचा श्लोक म्हणतो की शृंगारात आणि ललित उद्गारांत एका कालिदासालाही कुणी जिंकू शकत नाही, मग 'कालिदासत्रयी'ची काय कथा! म्हणजे इथे एका नावाचे तीन कवी. मराठीत तर हा प्रश्न थेट अभंगांचा आहे. 'नामा' ही मुद्रा, म्हणजे अभंगात कवी गुंफतो ती नावाची सही, संत नामदेवांची, आणि सोळाव्या शतकात महाभारत मराठीत आणणाऱ्या विष्णुदास नामाचीही. गाथेत दोघांची पदं मिसळली. कोणतं कुणाचं हे ठरवताना भाषेच्या वयावरून अंदाज बांधावा लागतो.

अशा ठिकाणी मी 'नामैक्य' लिहितो. नाव एक आहे एवढंच तो शब्द सांगतो, माणसं किती याबद्दल बोलत नाही.

* * *

नामैक्य घेतला. हा शब्द मला हवाच होता, फक्त त्याची गरज कुठे आहे हे दिसत नव्हतं.

याच्या उलट बाजूनेही फसायला होतं. याच सूचीत मोहन आगाशे दोनदा आले, एकदा मनोविकारतज्ज्ञ म्हणून आणि एकदा अभिनेते म्हणून. शरद जोशींमुळे मी सावध झाले होते, म्हणून दोन नोंदी करायला निघाले, आणि ते तर एकच! श्रीराम लागू हे नाव कान-नाक-घशाच्या शल्यविशारदांच्या यादीत दिसलं असतं, तरी मी कदाचित हेच केलं असतं. क्षेत्र वेगळं म्हणजे माणूस वेगळा, हे गृहीत धरता येत नाही.

भारतातल्या निवडणूक नियमांत एक तरतूद सापडली. दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल, तर मतपत्रिकेवर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा आणखी कशाने तरी त्यांची ओळख वेगळी करायची. ग्रंथालयांत जन्म-मृत्यूची वर्षं लावतात. मी दोन्ही एकत्र करते आहे, आणि कंस दोघांनाही:

जोशी, शरद (शेतकरी नेते, १९३५–२०१५)
जोशी, शरद (हिंदी व्यंग्यलेखक, १९३१–१९९१)

कुणाच्या नावावरून ठेवलेल्या किंवा घेतलेल्या नावाचा प्रश्न मात्र राहिला.

* * *

त्यासाठी 'नामदाता' हा शब्द पाहा, पण तो मूळ माणसाला लागेल. जेम्स बाँड (१९००–१९८९) हे पक्षितज्ज्ञ होते. कॅरिबियन बेटांवरच्या पक्ष्यांविषयीचं त्यांचं पुस्तक इयान फ्लेमिंगकडे होतं, त्यावरून त्याने आपल्या गुप्तहेराचं नाव उचललं. पक्षितज्ज्ञ नामदाता, गुप्तहेर उसन्या नावाचा. एका बाजूला देणं आणि दुसऱ्या बाजूला घेणं असेल, तिथे 'बंधू' बसत नाही. घेणाऱ्यासाठी साधं 'त्यांच्या नावावरून' हेच पुरे, नवा शब्द घडवायची गरज नाही.

* * *

छान. मग 'न' अक्षरात लगेच हे लागू करते. 'नागार्जुन' तीन ठिकाणी आला आहे: बौद्ध तत्त्वज्ञ, रसशास्त्रातला (पारा आणि धातूंच्या औषधांच्या शास्त्रातला) नागार्जुन आणि हिंदी कवी. पहिल्या दोघांत नामैक्य, माणसं एक की दोन ते तिथेच थांबवते. कवी म्हणजे वैद्यनाथ मिश्र (१९११–१९९८). मैथिलीत ते 'यात्री' या नावाने लिहीत, आणि श्रीलंकेत बौद्ध दीक्षा घेतल्यावर त्यांनी 'नागार्जुन' हे नाव घेतलं. तेव्हा त्यांच्यापुढे 'नामबंधू' नाही लिहिणार. 'नाव तत्त्वज्ञाच्या नावावरून' एवढंच, आणि 'यात्री पाहा'.