मदत हवी आहे: भरतनाट्यमच्या पूर्ण उंचीच्या फोटोत पाय काळे पडतात

नमस्कार मंडळी. ११ वर्षांच्या मुलीचे पोशाखातले, गजऱ्यापासून घुंगरांपर्यंतचे फोटो काढायचे आहेत. जागा फोंड्याजवळ, चिऱ्याच्या (लाल जांभ्या दगडाच्या) भिंतीपुढचं सावलीतलं अंगण. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, एफ ५.६, १/२००, आयएसओ ४००, ९० सेंमी ऑक्टाबॉक्सचा (उजेड मऊ करणाऱ्या आठकोनी पेटीचा) एकच फ्लॅश. कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर आहे. डोळ्यांच्या पातळीवरून पाय आखूड दिसतात, अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत) तर फारच.

अडचण उजेडाची. ऑक्टाबॉक्स चेहऱ्यापासून १.२ मीटरवर ठेवला तर पावलं साधारण १.८ मीटरवर जातात. तिथे निम्म्याहून कमी उजेड पोचतो, अळता काळपट दिसतो आणि घुंगरांचा पितळी रंगच हरवतो. २.५ मीटरवर नेला की पाय उजळतात, पण सावल्या कडक होतात. पुढे जमिनीवर पांढरा थर्माकोल टाकून थोडाच फरक पडला. शिवाय चिऱ्याची लाल झाक गालावर येते आणि लाल रेशमावरची सोनेरी जर इतकी चमकते की तिची नक्षीच दिसत नाही.

१५० सेंमीची डिफ्यूजर (उजेड पसरवणारं पांढरं कापड) लावलेली छत्री घ्यावी, की ३०×१२० सेंमीचा उभा स्ट्रिपबॉक्स (अरुंद, लांबट पेटी)? मुलगी अरमंडीत फार वेळ बसवायची नाही, गुडघे दुखतात. म्हणून दर फोटोला दिवा हलवावा लागणार नाही अशी मांडणी सांगा. भिंतीपासून तिला किती अंतरावर उभं करता, तेही कळवा.