अनुभव धागा: 'सबब' तुम्हाला कुठे भेटली?

बोलण्यात 'सबब' आता बहाण्यापुरती उरली आहे. कागदावर मात्र ती ठणठणीत आहे आणि तिथे 'कारण', 'म्हणून' या अर्थांनीही येते. शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्या दफ्तरात आलेला. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ झाली. कितीतरी फारसी-अरबी शब्द मागे पडले, ही टिकली. तुम्ही ती कुठे वाचलीत? जरूर लिहा.

मोडी वाचक, पुणे
मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि विरामचिन्हंही नसतात. ओळभर अक्षरं एकाच दोरीत ओवलेली. अशा पत्रात 'सबब' दिसली की मला हायसं वाटतं. तिच्या आधी हकिगत असते: पाऊस नाही, पीक बुडालं, वसूल आला नाही. तिच्यानंतर मागणी किंवा हुकूम. पूर्णविराम नसलेल्या मजकुरात वाक्य कुठे वळलं, हे हा एक शब्द सांगतो. नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी 'सबब', 'तरी', 'येणेप्रमाणे' हेच शब्द ओळखायला लावते. तारखा आणि नावं मागाहून जमतात.

दिवाणी वकील, सातारा जिल्हा
आमच्याकडे अजून रोज लागते. 'सबब विनंती की, अर्ज मंजूर व्हावा.' आमच्या ज्येष्ठ वकीलसाहेबांचं म्हणणं असं, की अर्जात 'म्हणून' दहा ठिकाणी येतं, 'सबब' एकदाच. वाचणाऱ्याची नजर थेट मागणीवर जाते. मला ते पटलंय. सोप्या मराठीचा मी कट्टर पुरस्कर्ता आहे, 'सदरहू' आणि 'उपरोक्त' आज गेले तरी चालतील, पण सबब राहू द्या. ती काम करते.

किराणा दुकानदार, लातूर
वडिलांच्या काळापासून बिलबुकावर खाली छापलंय, 'विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.'

शिक्षिका, रत्नागिरी
मुलांना 'सबबी सांगू नकोस' एवढंच ठाऊक. वर्तमानपत्रातली जमिनीची जाहीर नोटीस वर्गात वाचायला दिली. त्यात 'सबब, कोणाची हरकत असल्यास...' आलं. एका मुलीने विचारलं, "बाई, यात खोटं कोण बोलतंय?" मग अर्ध्या तासाचा तास त्या एका शब्दावर गेला. शब्द तोच, पण बोलीत त्याच्यावर संशय चिकटला आणि कागदावर तो स्वच्छ राहिला, हे मुलांना पुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा लवकर समजलं.

अभियंता, अबुधाबी
इथे साइटवर 'सबब' रोज कानावर पडते, सरळ 'कारण' या अर्थाने. इजिप्तच्या एका सहकाऱ्याने सांगितलं, जुन्या अरबीत तिचा अर्थ दोर असाही आहे. ज्याला धरून एखाद्या गोष्टीपर्यंत पोहोचायचं तो. आणि अनेकवचन 'असबाब'! म्हणजे आपला सामान-असबाब तिचाच गोतावळा. उर्दू गझलेतली 'बेसबब' उदासीही तिचीच. तिकडे मात्र सबब पुल्लिंगी, आपण तिला स्त्रीलिंगी करून घेतलं.

गृहसंस्थेच्या सचिव, डोंबिवली
आमच्या जुन्या इतिवृत्तांच्या वह्यांत प्रत्येक ठराव 'सबब असे ठरले की' असा सुरू होतो. त्यामुळे कारण लिहिल्याशिवाय ठराव पुढे जातच नाही. हल्लीच्या इतिवृत्तांत नुसतं 'ठरले' असतं. पाण्याच्या टाकीचा खर्च का वाढवला, ते कुठेच सापडत नाही. येत्या सभेपासून मी जुनीच पद्धत धरणार आहे.